क्रांती चौकातली आठ मिनिटं

"जरा बाजूला, ताई... नाय नाय, थांबू नका! चालत राहा!"

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात, रात्री पावणेअकराच्या सुमारास, क्रांती चौकात स्टँडवर कॅमेरा लावून उभ्या असलेल्या मुंजाबा गाडेकरनं एका मुलीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढं याच मुलीवर आपला जीव जडणार आहे, हे ठाऊक असतं तर त्यातला 'ताई' हा शब्द त्यानं गिळला असता. पण प्रेमात पडणाऱ्याला आगाऊ नोटीस येत नाही.

मुलीच्या हातात चहाची किटली होती. अंगात मरून स्वेटर, कानावरून घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि त्या दोन्हींच्या मधे थंडीनं लाल झालेलं एक नाक. ती थांबली, आणि नेमकी भिंगासमोरच थांबली.

"का? चौकात उभं राहायला बंदी आहे?"

"बंदी नाय. पण उभ्या राहिलात तर फोटोत याल."

"आणि चालत राहिले तर?"

"तर येणार नाय. शटर उघडं ठेवलंय, आठ मिनिटं. जे हलतं ते पुसलं जातं."

"म्हणजे धावपळ करणारा माणूस फोटोत नाहीच?"

"नाय."

"आमच्या कंपनीतपण असंच आहे," ती म्हणाली, आणि किटली दुसऱ्या हातात घेतली. "पण एवढा वेळ उघडं कशाला ठेवायचं? खटकन बटण दाबलं की झालं."

हा प्रश्न मुंजाबाला विचारायला नको होता. त्याला बोलायला आवडत नसे, पण फोटोतल्या दाण्यांवर तो अर्धा तास बोलू शके. अंधारात खटकन फोटो काढायचा तर जलद फिल्म घालावी लागते. जलद फिल्मवर दाणे येतात. आभाळ खरखरीत दिसतं, भिंतीला पुरळ उठल्यासारखं वाटतं, सगळ्या फोटोवर कुणी रवा भुरभुरवलाय असं होतं. त्यावर उपाय एकच. फिल्म संथ घ्यायची, कॅमेरा पक्का बसवायचा, आणि उजेडाला यायला भरपूर वेळ द्यायचा. ट्रकचे दिवे आले की काळा पुठ्ठा भिंगापुढं धरायचा, गेले की काढायचा.

"उजेडाला घाई केली की तो रवा टाकून जातो," मुंजाबा म्हणाला, आणि आपण एवढं बोललो याची लाज वाटून घड्याळाकडं बघू लागला.

"हे तुम्ही सगळ्यांनाच सांगता, की मलाच?"

"...कुणी विचारत नाय."

ती हसली. मग तिनं किटलीनंच चौकाच्या त्या बाजूला खूण केली. तिथं भिंतीखाली, जिथं दिव्याचा उजेड पोचत नव्हता, शाली-गोधड्या पांघरून बायका बसल्या होत्या. फलक दवानं भिजू नये म्हणून गुंडाळून भिंतीला टेकवलेला.

"आम्ही तिकडं बसलोय. चौदा जणी. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून. आम्ही तर हलतच नाही... पंधरा वर्षं झाली, बसूनच आहोत. आम्ही येऊ ना फोटोत?"

"आठ मिनिटं कुणी हललं नाय तर याल."

"शब्द?"

"शब्द."

तो चालू फोटो तिच्या उभं राहण्यानं बिघडलाच होता. मुंजाबानं फिल्म पुढं सरकवली. ती पळत पलीकडं गेली, आणि त्यानं हात वर करताच चौदा बायका दगडासारख्या झाल्या. द्वारकाबाई नावाच्या एकीनं तंबाखूची चिमूट ओठापाशी नेली होती, ती तशीच ठेवली. किटलीवाली मुलगी अगदी कडेला बसली आणि नजर रोखून बसली. आठ मिनिटं म्हणजे काय, हे ज्यानं दूध चुलीवर ठेवून वाट पाहिली असेल त्यालाच कळेल. शटर मिटलं, मुंजाबानं हात खाली केला, आणि चौदा तोंडांतून एकदम वाफ निघाली. त्यातलीच एक म्हातारी मग पोटातून खोकली. बराच वेळ खोकली. तिनं तो खोकला आठ मिनिटं धरून ठेवला होता.

"नाव काय तुमचं?" पलीकडून आवाज आला.

"मुंजाबा!"

"मी विशाखा! फोटो बघायला येणार हां!"

*

मुंजाबा गारखेड्यात तात्यासाहेबांच्या स्टुडिओत कामाला होता. वाळूजला आणि चिकलठाण्याला कारखाने वाढले तसे गेटपासचे फोटो वाढले, आणि गेटपासचे फोटो वाढले तसं तात्यासाहेबांचं पोट. फुलंब्रीकडच्या मुंजाबाच्या घरात मागच्या सात पिढ्यांनी मेंढ्या मोजल्या होत्या. तो दिवसाला साठ माणसं मोजत होता, मान सरळ, कान दिसले पाहिजेत. अशा माणसाला रात्री उठून रिकामा चौक बघावासा वाटला तर नवल नाही.

निगेटिव्ह असं उतरलं, की तसं त्याच्या हातून आयुष्यात उतरलं नव्हतं. त्यानं भोवतीच्या पातेल्यात तांब्यानं कोमट पाणी घालून घालून फिल्म धुवायचं औषध बरोबर वीस अंशांवर ठेवलं होतं, फिल्मचा डबा लेकरासारखा हळू हलवला होता. रस्ता काचेसारखा, आभाळ शाईसारखं. फक्त भिंतीखालच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड कमी पडला होता. तिथं चौदा बायका होत्या, पण दाण्यांत होत्या. तरी एक चेहरा, अगदी कडेचा, बाकीच्यांपेक्षा फार स्वच्छ उतरला होता. मुंजाबा भिंगातून तो बघत बसला. बराच वेळ बसला.

तात्यासाहेबांनी छापलेला कागद उजेडात धरला.

"मुंजा, एक नंबर! पण ह्या कोपऱ्यात भगर सांडलीय का रे?"

"बायका हायेत त्या, तात्यासाहेब."

"कुठल्या?"

"नामांतराच्या."

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते. "माझा कुणालाच विरोध नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्या वर्षांत शहरात फार चालायचं आणि ते म्हणणारा माणूस त्यानंतर नेहमी 'पण' म्हणायचा. "पण उद्योजक मंडळाची स्पर्धा आहे. विषय 'प्रगतीच्या वाटेवरचं शहर'. भगर काढ."

रात्री मुंजाबा डार्करूममधे शिरला. लाल दिवा लावला. पुठ्ठ्याला भोक पाडलं, आणि त्या भोकातून फक्त तेवढ्या कोपऱ्याला जादा उजेड दिला. कागदाला उजेड जास्त मिळाला की तो काळा होतो. चाळीस सेकंद लागले. आपण दाणे काढतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि लगेच पटवूनही घेतलं. कडेचा स्वच्छ चेहरा मात्र त्यानं शेवटपर्यंत ठेवला. मग पुठ्ठा तिकडं सरकवला.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. एका पेपरात तो चार कॉलम छापून आला. खाली ओळ होती: 'आंदोलनाची हाक, चौक मात्र निवांत'. ती ओळ मुंजाबानं लिहिली नव्हती. आपण लिहिली नाही, हे त्या सकाळी त्यानं स्वतःला अकरा वेळा सांगितलं.

*

चौथ्या दिवशी ती आली. हातात पेपराची घडी आणि स्टीलचा डबा. मुंजाबानं काउंटरमागं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. आता ती बोलणार, मग आपण सगळं सांगून टाकणार, असं त्यानं ठरवलं.

"मी माफी मागायला आले," विशाखा म्हणाली.

"...आं?"

"आमच्या आईनं तुमचा फोटो बिघडवला ना. पारूबाई, ती खोकणारी. ती म्हणते, हात खाली यायच्या आधीच मी खोकले असणार, माझ्याच खोकल्यानं आपण सगळ्याजणी पुसल्या गेलो. जे हलतं ते जातं, असं तुम्हीच म्हणाला होता ना? तीन दिवस जेवली नाही धड. हे धपाटे पाठवलेत तिनं. म्हणाली, त्या लेकराची मेहनत वाया गेली."

सांगायची वेळ हीच होती. मुंजाबाचं तोंड उघडलंसुद्धा.

"व्हय... होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "अंधार हुता. दाणे येतात."

ती गेल्यावर त्यानं धपाटे खाल्ले. धपाटे फार चांगले होते. ते वाईट असते तर त्याला बरं वाटलं असतं.

डबा परत न्यायला ती आली. मग गेटपासचा फोटो काढायला आली. मग मैत्रिणीच्या गेटपासच्या फोटोला सोबत म्हणून आली. पाचव्या खेपेला कारणच नव्हतं.

"आज काय काढायचं?" मुंजाबानं विचारलं.

"काही नाही. इकडून चालले होते."

"तुमची बस तर तिकडून जाती."

"तुम्हाला बसचे नंबर बरे पाठ आहेत?"

त्याचे कान लाल झाले. स्टुडिओत कान दिसले पाहिजेत असा नियम होताच.

ती चिकलठाण्याला औषधांच्या कारखान्यात होती. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्यापुढं धरून तपासायच्या, मागं अर्धी पाटी काळी, अर्धी पांढरी. दिवसाला हजारो. पाण्यात बारीकसा कण जरी दिसला तरी कुपी बाद.

"कण आणि बुडबुडा सारखाच दिसतो की," मुंजाबा म्हणाला.

"फिरवून बघायचं. बुडबुडा वर जातो, कण खाली बसतो." तिनं दोन बोटांत हवेतली कुपी धरून फिरवली, आणि नजर त्या न दिसणाऱ्या कुपीतून आरपार त्याच्यावर आली. "मला फसवणं सोपं नाही, फोटोवाले."

मुंजाबा पाणी प्यायला आत गेला.

संध्याकाळी तो तिला थांब्यापर्यंत सोडू लागला. रस्त्यानं दोघांच्या मधे सायकल असायची. तो ती हातात धरून न्यायचा, कारण सायकल नसती तर दोघांच्या मधे काय ठेवायचं हे त्याला कळलं नसतं. ती हसली की त्याला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की लगेच लाज वाटायची. या दोन गोष्टी इतक्या एकापाठोपाठ येऊ लागल्या की तो आता आनंद झाला की आधीच मान खाली घालायचा. तिला वाटायचं, मुलगा लाजाळू आहे. गावाकडचा आहे.

"ते निगेटिव्ह दाखवा ना एकदा," ती म्हणायची. "आई नेमकी कुठं हलली ते बघते."

"कपाटात हाय. किल्ली तात्यासाहेबांकडं."

किल्ली त्याच्या खिशात असायची. एकदा बोलता बोलता वाजलीसुद्धा.

आणि एका संध्याकाळी थांब्यावर, बस दिसत असताना, ती सहज म्हणाली, "आई आता बसायला जात नाही. नळावर बायका विचारतात, पेपरात तर चौक रिकामा होता, तू कुठं बसली होतीस गं? ती म्हणते, जाऊ दे, माझ्यापायी परत काही बिघडायचं." बस आली. ती चढली. मुंजाबा सायकल धरून तिथंच उभा राहिला. मागच्या माणसानं "ओ भाई, चढना है के नई?" म्हणून विचारलं तरी हलला नाही.

*

जानेवारीच्या चौदा तारखेला सरकारनं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं. जुन्या नावाच्या आधी लावून, जुनंही ठेवून. दोन दिवसांनी विशाखा पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच स्टुडिओत आली. तात्यासाहेब एका लग्नाला गेले होते.

"घ्या! तोंड उघडा आधी! अख्खी गल्ली रात्रभर नाचली. आईनं पण पेढा खाल्ला. म्हणाली, बरं झालं बाई, माझ्या खोकल्यानं हे तरी अडलं नाही."

पेढा मुंजाबाच्या हातातच राहिला. त्यानं तो काउंटरवर ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

विशाखा किल्लीकडं बघत होती.

त्यानं निगेटिव्ह दिलं. तिनं ते खिडकीपाशी नेलं, दोन बोटांत कडेनं धरलं, आणि कारखान्यात धरायची तसं हळूच तिरपं करून बघितलं. मग भिंग मागून घेतलं. ओठ हलत होते. ती मोजत होती.

"चौदा," ती म्हणाली. "सगळ्या आहेत की."

"व्हय."

"द्वारकामावशीची चिमूटसुद्धा आहे."

"व्हय."

"मग पेपरात...?"

"मी काढलं. छापताना. आईंचा खोकला फोटो झाल्यावर आला हुता."

बाहेर रिक्षा गेली. विशाखानं निगेटिव्ह पुन्हा उजेडात धरलं.

"कोपऱ्यात दाणे होते," ती सावकाश म्हणाली. "तुम्हाला वाटलं असेल, डाग आहे. बायका आहेत हे तुम्हाला दिसलं नसेल." आणि मग, जवळजवळ विनवणीनं, "तसं म्हणा ना."

एवढं स्वस्तात मुंजाबाला कुणी सोडलं नव्हतं. फक्त मान हलवायची होती.

"दिसलं हुतं," तो म्हणाला. "तात्यासाहेबांनी सांगितलं, पण हात माझा हुता. तुमचा चेहरा लई साफ आला हुता. तो... तो मी शेवटी काढला."

विशाखानं निगेटिव्ह काउंटरवर ठेवलं, बोटांचे ठसे उमटणार नाहीत असं, कडेनं. पेढ्यांचा पुडा बंद केला. दोरा पुन्हा बांधला, गाठ बसेना म्हणून दोनदा बांधला, आणि पुडा घेऊन निघून गेली. त्याचा एक पेढा मात्र तिनं काउंटरवर राहू दिला. तो त्यानं खाल्ला नाही. मुंग्यांनी खाल्ला.

*

पुढचा रविवार. मुंजाबानं मोठ्यातला मोठा कागद घेतला आणि निगेटिव्ह जसंच्या तसं छापलं. कोपरा मुद्दाम उजळ केला. दाणे असे आले की बायकांच्या अंगावर बाजरी पाखडल्यासारखं दिसत होतं. आयुष्यात इतका खरखरीत फोटो त्यानं छापला नव्हता. तो वाळवला, गुंडाळी केली आणि विचारत विचारत विशाखाच्या गल्लीत गेला.

पारूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. विशाखा आत होती. त्याला बघून ती उठली नाही, आणि आतही गेली नाही.

"कोण रं बाबा?"

"मी फोटोवाला."

"आगं बाई! ये, ये. बस."

"बसत नाय. आधी बघा." त्यानं फोटो उलगडून धरला. उभ्यानंच, दोन्ही हातांनी, धुणं वाळत घालावं तसा.

पारूबाई उठल्या, जवळ आल्या, एकेक चेहरा बोटानं शिवू लागल्या. "ही द्वारकी. तंबाखू बी आली की तिची! ही विशी... अन् ही मी?"

"व्हय."

"मी तर हाये की."

"पहिल्यापासनं हायेत. तुमच्या खोकल्यानं काहीबी झालं नाय. मीच तुमास्नी पुसलं, बक्षिसासाठी. अन् तुमच्या लेकीला खोटं बोललो. महिनाभर."

म्हातारीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तांदळाचं सूप खाली होतं, त्यात चिमण्या आल्या, तरी तिनं त्या हाकलल्या नाहीत.

"धपाटे खाल्लेस का रं?"

"...खाल्ले."

"सगळे?"

"सगळे."

"हं," पारूबाई म्हणाल्या. फोटो त्याच्या हातातून काढून घेतला, आणि शेजारच्या दाराशी जाऊन ओरडल्या, "ए नळावाल्यांनो! या हिकडं! कोण म्हणत हुतं रिकामा चौक?"

दारात दोघंच उरले. मुंजाबाला हात कुठं ठेवावेत कळेना.

"बक्षिसाचं घड्याळ अजून भिंतीवर आहे?" विशाखानं विचारलं.

"हाय."

"उद्या दहा वाजता ते परत द्यायला उद्योजक मंडळाच्या कचेरीत. मी बाहेर उभी राहीन. आत तुम्ही एकट्यानं जायचं."

*

मुंजाबा आत गेला तो पंधरा मिनिटांत बाहेर आला. विशाखा रस्त्याच्या कडेला उभी होती.

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, एवढं काय त्यात? चहा घ्या. घड्याळ घेईनात. मी टेबलावर ठेवून आलो."

"पेपरवाल्यांना खरं काय ते सांगणार म्हणाले का?"

"नाय म्हणाले. मग मीच तिकडं जातो म्हणालो, तसं हसायचे थांबले."

"आणि तात्यासाहेब?"

"तेबी मंडळात हायेत, तिथंच बसले हुते. म्हणाले, उद्यापासून येऊ नको."

दोघं चौकाच्या दिशेनं चालू लागले. आज सायकल नव्हती, आणि मधल्या जागेचं काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

"माझा चेहरा साफ का आला, माहीत आहे?" ती एकाएकी म्हणाली. रस्त्याकडं बघत. "बाकीच्या कॅमेऱ्याकडं बघत होत्या. वेळ जाईना म्हणून इकडंतिकडं पण. मी तुमच्याकडं बघत होते. आठ मिनिटं. पापणीसुद्धा... अनोळखी माणसाकडं. मलाच नंतर लाज वाटली."

मुंजाबानं मान खाली घातली. या वेळी ती गावाकडची लाज नव्हती.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," विशाखा म्हणाली.

"व्हय."

"करेन की नाही, माहीत नाही."

"व्हय."

"आईला विचारायचं असेल काही, तर विचारा. ती नाही म्हणेल. मग परत विचारा." ती थांबली, आणि आता सरळ त्याच्याकडं बघितलं. "पण त्याच्या आधी एक. फुलंब्रीला, तुमच्या घरी, चुलीपुढं बसून माझं नाव सांगाल? नुसतं विशाखा नाही. विशाखा साळवे. आडनावासकट?"

मुंजाबाला आई दिसली. वडील दिसले, भावकी दिसली, पारावरचे चार जण दिसले. चौकातून एक ट्रक गेला, मागोमाग दोन स्कूटर गेल्या.

"सांगेन," तो म्हणाला.

विशाखानं मनगटावरच्या घड्याळातून डोळे वर केले.

"सहा सेकंद लागले," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडायला त्याची बाही धरली. "फार आहेत."